रात्रपाळीच्या आठवड्यात गोष्ट कोण सांगणार?

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं आहे. घरात तिघंच. वडील साखर कारखान्यात पॅनमन (पाक उकळतो त्या पॅनवर लक्ष ठेवणारे), आई एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करते, आणि नुकतीच पाच वर्षं पूर्ण झालेला मुलगा आमच्या बालवाडीत मोठ्या गटात. दोघांच्या संमतीनं लिहिते आहे. नावं, गाव आणि कारखाना मुद्दामच सांगत नाही.

झोपताना मुलांना गोष्ट सांगावी हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. पालकसभेत हा विषय काढला की सगळ्या माना हलतात. अडतं ते घरी गेल्यावर. या घरात तर तिहेरी अडचण होती: वेळ नाही, गोष्ट येत नाही, आणि वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलणार. तरीही गोष्ट सुरू झाली आणि टिकली. ती कशी टिकली हे तपशिलात सांगण्यासारखं आहे, कारण आमच्या भागात पाळीवर जाणाऱ्या माणसांची घरं काही थोडीथोडकी नाहीत.

वर्गात काय दिसत होतं

दिवाळीच्या सुट्टीनंतर हा मुलगा प्रार्थनेला डोळे मिटून उभा राहायला लागला. भक्तीनं नव्हे, झोपेनं. डबा खाऊन झाला की तिथंच सतरंजीवर कलंडायचा. बोलणं मोजकं, आणि जे बोलेल ते हिंदीत. "बाई, मुझे पानी चाहिए." घरात हिंदी बोलणारं कोणी नाही, शेजारीही नाही. ही कार्टूनची हिंदी. आईला सुरुवातीला त्याचं कौतुकच होतं: "कोणी शिकवलं नाही बघा, आपोआप यायला लागली."

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आम्ही मुलांना बाजाराचं मोठं चित्र दाखवतो आणि म्हणतो, सांगा काय चाललंय. बाकीची मुलं एकमेकांना ढकलत सांगतात: आजी भाजी घेतीय, कुत्रं मागं लागलंय, आता ते पिशवी ओढणार. हा चित्रावर बोट ठेवायचा, "ये... और ये..." म्हणायचा आणि थांबायचा. वस्तू ओळखायचा. जेसीबीचे तर चार प्रकार त्याला माहीत होते. पण एकातून दुसरं निघतं, आधी हे झालं म्हणून मग ते झालं, अशी साखळी त्याच्या बोलण्यात तयारच होत नव्हती. "पुढं काय झालं असेल?" या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नसायचं.

ऐकण्यात किंवा बोलण्याच्या अवयवांत दोष नाही ना, हे आधी बघायला हवं होतं. आईनं त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. तसं काही निघालं नाही. मग मी त्यांच्या संध्याकाळची विचारपूस केली.

त्या घरातली संध्याकाळ

आई सहाला पिग्मीचं मशीन घेऊन बाहेर पडते. बाजारपेठेतली दुकानं, स्टँडजवळचे गाडे, दोन सलून, एक गॅरेज असा फेरा. पोराला शेजारच्या घरी बसवून हातात मोबाईल द्यायची. आठला परत. मग स्वयंपाक, तोवरही मोबाईल. जेवतानाही तोच, नाहीतर घास आत जात नाही. त्यानंतर आई दिवसाचा हिशोब जुळवणार आणि शेजारी पोरगा पडद्यात डोकं घालून लोळणार. झोप लागायची साडेअकराच्या पुढं. सकाळी पावणेसातला ओढून उठवायचं.

म्हणजे रात्रीची झोप सव्वासात तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दुपारच्या डुलकीसकट १० ते १३ तास झोप सांगितली आहे. आमच्या सतरंजीवरची अर्ध्या तासाची डुलकी धरली तरी रोज दोन तासांची तूट राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाला बसून पडदा बघायला दिवसाला फार तर एक तास, आणि बसायचंच असेल तर मोठ्या माणसानं वाचून दाखवणं, गोष्ट सांगणं बरं. याने नुकतीच पाच वर्षं ओलांडली होती, पण रोजचे इतके तास कुठल्याच हिशोबात बसत नव्हते.

हे आकडे मी आईला तोंडावर फेकले नाहीत. दिवसभर राबून घरी आलेल्या बाईला 'जागतिक संघटना म्हणते' असं सांगून काय साधणार? तिला एवढंच विचारलं की रात्री दहा ते साडेअकरा या वेळात तुमचं दोघांचं बोलणं काय होतं. तिनं जरा वेळ विचार केला. "झोप आता, एवढंच म्हणत असते मी. दहा वेळा."

"आम्ही कुठनं आणू गोष्ट?"

पुढच्या भेटीला वडीलही आले. पहाटेची पाळी संपवून, आंघोळ करून, थेट शाळेत. गोष्टीचा विषय काढल्यावर ते हसले. "बाई, आमची पंचाईतच हाय की. आमच्या वडलांनी आम्हाला कधी सांगितली न्हाई, आम्ही कुठनं आणू गोष्ट?"

आईचं मत ठरलेलं होतं. पुढच्या वर्षी इंग्रजी शाळेत घालायचंय, तर गोष्टीसुद्धा इंग्रजीतल्या आणि बोध असलेल्या हव्यात. तिनं तसं एक पुस्तक आणलंही होतं. दोन रात्री वाचून दाखवलं, प्रत्येक गोष्टीनंतर तात्पर्य विचारलं, तिसऱ्या रात्री पोरानं पुस्तक पलंगाखाली सारलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. झोपेच्या तोंडावर परीक्षा घेतली तर मोठं माणूससुद्धा पळून जाईल. तात्पर्याचा सोस हा आपल्याकडचा जुना रोग आहे. गोष्ट संपायच्या आत मुलाला त्यातून सुधारून काढायची घाई असते.

वडिलांना मी म्हटलं, पुस्तकातली नको. आज कारखान्यात काय झालं ते सांगा.

"तिथं काय होतंय? ऊस येतोय, साखर जातीय."

"मधे काय होतं?"

मग ते बोलायला लागले आणि अर्धा तास बोलत राहिले. गव्हाणीत पडणारा ऊस, गाळणाऱ्या रसाचा वास, पॅनमध्ये उकळणारा पाक. दाणा धरलाय की नाही हे बघायला पॅनमधून थोडा पाक काढून काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि पट्टी उजेडासमोर धरायची. दाणा बारीक निघाला की वेगळं करायचं, मोठा निघाला की वेगळं. एवढं ऐकल्यावर गोष्ट येत नाही ही तक्रार मी काही मान्य केली नाही.

ठरलं ते असं. साडेआठला जेवण, नऊला मोबाईल कपाटावर (आईचा आणि वडिलांचाही), हातपाय धुणे, मोठा दिवा बंद, आणि अंथरुणावर पडून एक गोष्ट. क्रम रोज तोच. गोष्ट पाच मिनिटांची असली तरी चालेल. तात्पर्य नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. पोरानं विचारलं तर उत्तर द्यायचं. आईला जुळवाजुळव करायला जड गेलं. पिग्मीचा हिशोब तिनं पोरगा झोपल्यावर करायचा ठरवला, म्हणजे तिची झोप पुढं गेली. ही किंमत खरी होती आणि सुरुवातीला ती एकट्या आईनंच मोजली.

पहिले दोन आठवडे

या कारखान्याच्या पाळ्या पहाटे ४ ते दुपारी १२, दुपारी १२ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते पहाटे ४ अशा. पहिला आठवडा पहाटेच्या पाळीचा होता, म्हणजे नऊला वडिलांनाच झोप हवी असायची. व्हायचं असं की गोष्ट अर्ध्यावर आली की सांगणारा घोरायला लागायचा. पोरगा त्यांना हलवून उठवायचा, "पप्पा, गाडी कुठं गेली?" दोन-तीन दिवसांनी त्यानं उठवणं सोडलं आणि उरलेलं स्वतःच पुटपुटायला लागला. हे आईनं मला हसत हसत सांगितलं. तिला तो फजितीचा किस्सा वाटत होता. वर्गात जी साखळी जुळत नव्हती, ती घरी अंधारात जुळायला लागली होती.

त्या आठवड्यात एक गोष्ट जमून गेली आणि पुढं महिनाभर तीच चालली. वडील लहान असताना आजोबा बैलगाडीनं कारखान्याला ऊस घालायचे. रात्रभर नंबरला थांबायला लागायचं. आजोबा गाडीखाली झोपायचे, आणि हे, तेव्हा सात-आठ वर्षांचे, गाडीवर उसावर घोंगडं पांघरून. रांग पुढं सरकली की बैल आपले आपण चार पावलं चालायचे आणि थांबायचे. एका रात्री आजोबांना जाग आली तर डोक्यावर गाडीच नाही! गाडी गेलेली पुढं, पोरासकट.

पोरानं विचारलं, "मग बैलांना कोण सांगायचं, पुढं जा म्हणून?"

वडिलांना उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ते घरी न येता गाडीतळावर गेले. बीडकडून ऊसतोड टोळीबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाला त्यांनी हे विचारलं. म्हातारा म्हणाला, कोण कशाला सांगतंय? पुढच्या गाडीवर मागं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधलेलं असतं, बैलाचं तोंड त्या वाड्याकडं. वाडं पुढं गेलं की बैल पुढं. त्या रात्री गोष्टीत वाडं आलं. नंतर बैलांना नावं आली, म्हातारा आला, त्याची बिडी आली.

वडिलांनी पुढं मला जे सांगितलं ते मी वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवलं आहे: "बाई, पंधरा वर्षं झाली त्या गाडीतळावरनं जातोय. कधी थांबलो न्हवतो. आता कामावरनं येताना काहीतरी घेऊन जायचं असतंय म्हणून बघत असतो."

झोपतानाच्या गोष्टीचा मुलाला होणारा फायदा सगळे सांगतात. आई-बापाला काय मिळतं हे मला या वाक्यातून जेवढं कळलं तेवढं दुसरीकडून कळलं नाही.

तीच गोष्ट रोज ऐकून आई मात्र कंटाळली. "नवीन सांगा की आता," म्हणायची. नवीन सांगू नका, असं मी म्हटलं. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले. ते शब्द जास्त लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. आमच्या पठ्ठ्याच्या बोलण्यात महिन्याभरात जू, घोंगडं, वाडं, नंबर, गाडीतळ असे शब्द आले. शहरातल्या मराठी पोरांनाही यातले निम्मे माहीत नसतील.

रात्रपाळी

खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यात. वडील साडेसातलाच घरातून बाहेर पडणार. त्यांनी आपल्या परीनं तोड काढली: जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बैलांची गोष्ट रेकॉर्ड केली आणि आईला पाठवली. आवाज तोच, गोष्ट तीच. पोरानं मिनिटभर ऐकली, मधेच विचारलं, "बैल कुठल्या रंगाचा?" आणि आवाज तसाच पुढं गेला. त्यानं पुन्हा विचारलं. मग मोबाईल आईच्या हातात दिला आणि म्हणाला, "पप्पा ऐकत नाहीत."

गोष्टींची अ‍ॅप, आवाजी पुस्तकं, टीव्हीवरच्या कथा हे सगळं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. प्रवासात, आजारपणात ती उपयोगी पडतात. पण सांगणाऱ्यालाही ऐकावं लागतं, आणि ते यंत्राला येत नाही.

आईनं गोष्ट पुढं न्यायचा प्रयत्न केला आणि चुकली. तिला बैलांची नावं उलटी आठवत होती, म्हातारा कधी येतो हे माहीत नव्हतं. पोरगा अंथरुणात उठून बसला. "तसं नाही मम्मी, आधी आबा झोपतात." मग तोच सांगायला लागला. सबंध गोष्ट, मराठीत, "आणि मग", "म्हणून", "पण" यांच्यासकट. आईला त्या गोष्टीतले कित्येक तपशील तेव्हाच कळले. सासरे गाडी हाकायचे हे तिला माहीत होतं. नवरा उसावर झोपून रात्री काढायचा हे लग्नाला आठ वर्षं होऊनही तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर रात्रपाळीच्या आठवड्यात पोरानं आईला सांगायचं, अशी वाटणीच पडली. आईही हळूहळू आपलं आणायला लागली. स्टँडजवळचा भेळवाला रोजची पिग्मी चिल्लरमध्ये देतो, तीही चुरमुऱ्याच्या पिशवीत बांधून, आणि मोजताना नाण्यांतून चुरमुरे निघतात. ही गोष्ट तर आमच्या वर्गातही पोचली.

मधे आईची आई महिनाभर राहायला आली आणि तिनं चिमणीच्या मेणाच्या घराची, कावळ्याच्या शेणाच्या घराची गोष्ट सुरू केली. "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे" हे तिसऱ्यांदा आलं तेव्हा पोरगा चिडला. कावळा भिजतोय, दार उघड! शेवटी कावळ्याला चटका बसतो यावर तो रडला, आणि आईनं आजीला ती गोष्ट बंद करायला लावली. मी बंद केली नसती. पोरगा दुसऱ्या दिवशी वर्गात कावळ्याची बाजू मांडत होता, आणि ज्याला बाजू घेता येते त्याला गोष्ट कळलेली असते. पण घर त्यांचं, रडणारं पोर त्यांचं. तिथं माझं मत चालायचं कारण नाही.

काय बदललं

जानेवारीपर्यंत झोपेची वेळ बहुतेक दिवशी पावणेदहावर आली. सकाळी उठवताना ओढाओढ राहिली नाही. प्रार्थनेत डोळे उघडे. हिंदी गेली नाही, पण ती कार्टूनविषयी बोलतानाच यायला लागली.

एक दिवस बाजाराचं तेच चित्र पुन्हा काढलं. चित्रात गुळाचं दुकान आहे. हा पुढं आला आणि सांगायला लागला की आधी रस निघतो, मग उकळतो, मग माझे पप्पा बघतात. बघतात म्हणजे कसं, तर त्यानं दोन बोटांच्या चिमटीत हवेतलीच काचेची पट्टी धरली, ट्यूबलाइटकडं नेली, एक डोळा बारीक केला आणि मान हलवली. "अजून नाही. दाणा लहान हाय." कारखान्याची साखर आणि गुऱ्हाळातला गूळ यांचा त्यानं घोळ घातला होता, पण बाकीची मुलं आ वासून बघत होती.

आईच्या चिडचिडीत फरक पडला, हे तिचं स्वतःचं निरीक्षण. रात्रीचा शेवटचा तास भांडणात जात नाही, असं म्हणते. तिची झोप कमीच आहे, तरीही. २००९ मध्ये अमेरिकेत जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०५ मातांवर केलेल्या अभ्यासात असंच दिसलं होतं: लहान मुलांसाठी झोपण्याआधीचा ठराविक क्रम सुरू केल्यावर दोन आठवड्यांत मुलांची झोप सुधारली आणि आयांची मनःस्थितीही. ती मुलं याच्यापेक्षा बरीच लहान होती आणि त्या क्रमात आंघोळ, मालिश होतं, त्यामुळे ताणून लावायचं नाही. पण ठरलेल्या क्रमाचा आईलाही आधार होतो एवढं इथंही दिसलं.

आता यातलं गोष्टीमुळं किती? मोबाईल कमी झाला, झोप वाढली आणि गोष्ट सुरू झाली, हे तिन्ही एकाच वेळी घडलं. एका घरावरून त्यांची फोड करता येत नाही. लॉरेन हेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी गोष्ट, वाचन, गाणं असा भाषेचा क्रम लाभलेली मुलं जास्त वेळ झोपत होती आणि पाचव्या वर्षी त्यांचे शब्दज्ञानाचे गुण जास्त होते. तिथंही झोप आणि भाषा एकत्रच चाललेली दिसते. आमच्या मुलाच्या बाबतीत मी एवढंच ठामपणे म्हणेन की नुसता मोबाईल काढून घेतला असता तर तो लवकर झोपला असता कदाचित, पण आजोबांचे बैल त्याला कोणी दिले नसते.

काय बदललं नाही

जेवताना मोबाईल लागतोच. दोनदा बंद करून पाहिला, दोनदा आईनं हार मानली. लग्नसराईत आणि गावच्या जत्रेत क्रम पार विस्कटला, नंतर बसवायला आठवडा गेला. रात्री ट्रॅक्टरवाले टेप लावून ऊस नेतात, त्या आवाजानं झोपलेला पोरगा उठतो. त्यावर गोष्टीचा काही उपाय नाही. अक्षरओळखीत तो वर्गाच्या मागंच आहे. गोष्ट सांगितली की पोरगं लगेच वाचायला लागतं असं जे सांगतात, त्यांनी सबुरीनं घ्यावं.

मार्चअखेरीस कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून गाळप बंद झालं. आता वडील रोज रात्री घरी असतात आणि नेमकी गोष्टींची टंचाई झाली आहे. बंद कारखान्यात दुरुस्तीशिवाय काही घडत नाही, आणि बॉयलरच्या नळ्या साफ करण्याची गोष्ट पोराला दोन दिवसांतच नकोशी झाली. वडिलांचं म्हणणं, आता हिलाच सांगू दे, हिचा फेरा बारमाही असतोय. आईचं म्हणणं, इतके महिने पाळीचं कारण सांगितलंत, आता तुमचीच पाळी. पोरानं दोघांनीही सांगा असा निकाल दिला आहे, आणि तो दोघांनाही मान्य नाही.